प्रिन्स ऑफ पर्शिया: कम्पॅटिबिलिटी मोडने काम होणार नाही

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा जुना गेम आजच्या विंडोजवर चालत नसेल तर विंडोज ९८ चा कम्पॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजसारखं वागण्याची सोय) लावा, असं सुचवलं जातं; तो इथे निरुपयोगी आहे. गेमची १९९० ची डॉस (विंडोजच्या आधीची प्रणाली) आवृत्ती १६ बिटची आहे आणि ६४ बिट विंडोज असले प्रोग्राम चालवतच नाही, म्हणूनच 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही' असा संदेश येतो. डॉसबॉक्स घ्या, म्हणजे विंडोजच्या आत डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम.

गेमचं फोल्डर सी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाच्या फोल्डरात ठेवा. डॉसबॉक्समध्ये (फोल्डरचं नाव आणि आज्ञा इंग्रजी अक्षरांत) 'माउंट सी सी:\गेम्स' टाका, मग 'सी:', मग 'सीडी' वापरून गेमच्या फोल्डरात शिरा आणि 'प्रिन्स' लिहून एंटर. सायकल्स (डॉसबॉक्सचा वेग ठरवणारा आकडा) ३००० पुरतात.

चित्र टिचभर दिसत असेल तर डॉसबॉक्सच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये आउटपुट 'सरफेस'ऐवजी 'ओपनजीएल' करा, विंडो रिझोल्यूशन १२८०x९६० आणि ॲस्पेक्ट 'ट्रू'. नाहीतर राजपुत्र बुटका दिसतो.

खरी डोकेदुखी शिफ्टची. कडा पकडायला शिफ्ट, सावकाश पाऊल टाकायलाही शिफ्ट; पाचदा दाबली की विंडोजची स्टिकी कीजची (कळ धरून न ठेवता वापरण्याच्या सोयीची) चौकट उगवते, आणि राजपुत्र तोवर खिळ्यांवर! सेटिंग्जमध्ये तो शॉर्टकट आधी बंद करा. गेमपॅड जोडलेला असेल आणि कीबोर्डच्या कळा चालत नसतील तर कंट्रोल-के दाबा.

पहिली लेव्हल संपल्यावर येणारी बाटल्यांची खोली म्हणजे बिघाड नव्हे, कॉपी प्रोटेक्शन (गेम विकत घेतलाय का याची तपासणी) आहे. मॅन्युअलमधलं अक्षर शोधून तीच बाटली प्यायची. सेव्ह कंट्रोल-जीने, पण तिसऱ्या लेव्हलपासूनच.