पुरानंतर पॉन शॉपमधल्या (तारणावर पैसे देणाऱ्या दुकानातल्या) ९ बंदुका सापडत नाहीत. ४८ तास कधीपासून धरायचे?

मंडळी, लायब्ररीबाहेर गाडीत बसून लिहितोय. इथेच काय ते वायफाय मिळतंय.

मी नॉर्थ कॅरोलायनात, अ‍ॅशव्हिलजवळ राहतो. हेलीन वादळानंतर २७ सप्टेंबरला (२०२४) स्वानानोआ नदी काठावरच्या दुकानांत घुसली. त्यातल्या एका पॉन शॉपचे हिशेब मी बघतो. मालक गुजराती काका, बंदुका विकायचं फेडरल लायसन्स आहे. रस्ता मोकळा झाला तेव्हा, म्हणजे काल दुपारी, आत जाता आलं. मागचं दार उखडलेलं, काचेची कपाटं आडवी, सगळीकडे चिखल. मोजणी केली तर ९ बंदुका कमी. त्यातल्या ३ गिऱ्हाइकांनी तारण ठेवलेल्या. वाहून गेल्या की कुणी हात मारला, देव जाणे.

बंदुका हरवल्या तर एटीएफला (बंदुकांच्या धंद्यावर देखरेख ठेवणारं फेडरल खातं) ४८ तासांत कळवावं लागतं एवढं ऐकून आहे. काका म्हणतात, "पूर येऊन किती दिवस झाले, मुदत तर संपलीच, आता लायसन्स जाणार." खरं का? आणि खरेदी-विक्रीच्या रजिस्टरचा लगदा झालाय, त्याचं काय करू?

प्रतिसाद १ : मुदत पुरापासून नाही, बंदूक नाहीशी झाल्याचं लक्षात आल्यापासून. म्हणजे तुमची कालपासून सुरू झाली, उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. पूर्ण मोजणीसाठी थांबू नका. एटीएफला आधी फोन, मग फॉर्म ३३१०.११. शेरीफ किंवा स्थानिक पोलिसांना वेगळं कळवायचं, तेही त्याच मुदतीत. एकाला सांगून दुसऱ्याचं भागत नाही. वाहून गेली की चोरली याचा निवाडा तुम्ही करत बसू नका. तारणाच्या बंदुकाही तुमच्याच रजिस्टरात असतात, त्याही त्यात घाला. रजिस्टरातली नोंद ७ दिवसांत.

प्रतिसाद २ : लगदा फेकू नका! पानं सोडवायला जाऊ नका, फाटतील. आहे तसं पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. सीरियल नंबर घाऊक व्यापाऱ्यांच्या पावत्यांवरून जुळवता येतात. चिखलाने गंजलेल्या बंदुका 'हरवलेल्या' नसतात, त्या भंगारात टाकू नका.

मूळ धागाकर्ता : आभार. फ्रीजर आहे हो, पण वीज कुठाय? मित्राच्या जनरेटरवर सोय केली. एटीएफला फोन लागला, त्यांनी दिलेला नंबर लिहून घेतला. शेरीफकडे उद्या सकाळी जातो. बाकी, एक रायफल आज कपाटाखालीच निघाली, तेव्हा ९ ऐवजी ८. तीही कळवायची ना?

प्रतिसाद १ : हो. आजच.