यंदा कुठला अल्बम सगळ्यात जास्त ऐकलासा?

रंकाळाकर: वर्ष संपत आलं, सांगा की मंडळी. माझा एक नंबर गायिका किशोरीताई आमोणकरांचा भूप-बागेश्री, दोन रागांचा अल्बम. जुनाच आहे पण यंदा हेडफोन लावून नीट ऐकला, त्या गंधारावर, म्हणजे 'ग' सुरावर येऊन थांबतात ना तिथं हातातलं काम सुटतंच.

जवारी_सूर: लई भारी! मग मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं पण ऐका, घराणं तेच, जयपूर-अत्रौली. ते सुरू करणारे अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारात होते आणि मन्सूर त्यांच्याच मुलांकडं, मंजीखाँ-भुर्जीखाँकडं शिकले, म्हणजे आपल्या कोल्हापूरचीच गायकी की ओ ही.

पेठवाला: माझा सैराट, 2016 पासून सुटलाच नाही. गाणी चारच, पण अमेरिकेत जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केलाय, व्हायोलिनं ऐका फक्त.

रंकाळाकर: मन्सूरांचं कुठनं सुरू करू?

जवारी_सूर: शिवमत भैरव राग. सकाळी.