मदत हवी आहे: मिरजेत तंबोरा घडताना बघायचाय

साताऱ्याहून रेल्वेने मिरजेला जाऊन संध्याकाळी परत यायचा बेत आहे. सोबत आई. ती गाणं शिकलेली आहे, पण गुडघ्यांमुळे जास्त चालणं किंवा अरुंद जिने नकोत. मीरासाहेब दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीचं दर्शन घेणार आहोतच, त्याची माहिती आहे.

अडलंय ते तंतुवाद्यांपाशी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून व्हिडिओ भरपूर दिसतात, पण सगळे तयार वाद्यांचे. आम्हाला कारखान्यातलं काम बघायचंय: भोपळा कापणं, दांडी जोडणं आणि मुख्य म्हणजे जवारी काढणं (तारेचा आवाज घुमावा म्हणून तिच्याखालची घोडी घासून जुळवणं). आईला तर तेवढंच बघितलं तरी चालेल! दोन-तीन दुकानांत फोन केले. "या की, बघू" असं गोड उत्तर मिळालं, पण वार-वेळ कुणी नक्की सांगितली नाही.

वाद्य विकत घ्यायचं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. बघण्याचे पैसे घेत असतील तर आनंदाने देऊ. मला सुट्टी फक्त रविवारी असते.

तर रविवारी सतारमेकर गल्लीत काम चालू असतं का? आणि जवारीचं काम तळमजल्यावर, निवांत बसून बघता येईल असा कारखाना कुणाला माहीत आहे का?