अॅम्बॅसेडर मार्क २: प्रेशर बरोबर येतंय, तरी घाटात पेट्रोल कमी पडतंय. फ्युएल पंप कसा तपासायचा?

खानापूर_मार्क२

नमस्कार मंडळी. गाडी अॅम्बॅसेडर मार्क २, १४८९ सीसी पेट्रोल, ब्लॉकवरचा मूळ मेकॅनिकल पंप आणि एसयू कार्बोरेटर. खानापूर ते बेळगाव सपाट रस्त्याला काही तक्रार नाही. पण केरीकडून चोर्ला घाट चढताना अर्ध्यावर आचके सुरू होतात आणि कणकुंबीच्या अलीकडेच इंजिन बंद पडतं. पंधरा-वीस मिनिटं बॉनेट उघडून ठेवलं की परत चालू. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळं बदललंय. कार्बोरेटरच्या नळीला गेज लावला तर आयडलवर (गाडी उभी, इंजिन हळू चालू) २ पीएसआय दाब दाखवतो. मिस्त्रींचं म्हणणं, प्रेशर आहे म्हणजे पंप चांगला. मग पेट्रोल कमी का पडतं? फ्लो मोजायची पद्धत आणि आकडे कुणी सांगेल का?

उद्यमबाग_टर्नर

दादा, निव्वळ प्रेशर बघून पंप पास करू नका. या पंपाचं प्रेशर ठरतं ते डायफ्रॅमखालच्या (पंपातला लवचीक पडदा) स्प्रिंगवर. कॅम लिव्हरने डायफ्रॅम खाली ओढतो, वर ढकलायचं काम स्प्रिंग करते. कार्बोरेटरचा नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल आत सोडणारी झडप) बंद असताना थेंबभर पेट्रोल आत आलं तरी स्प्रिंग गेजला २ पीएसआय दाखवणारच. जाळी निम्मी तुंबलेली असो की टाकीची नळी चेपलेली, गेजला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून आधी फ्लो, मग प्रेशर, मग सक्शन (टाकीकडून पेट्रोल ओढायची ताकद).

फ्लोसाठी फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) झाकणावरची नळी काढा. तिला हातभर चांगली पेट्रोल होज जोडून दुसरं टोक एक लिटरच्या रिकाम्या ऑइल कॅनमध्ये सोडा, ज्याच्या कडेला मापाची पारदर्शक पट्टी असते तो. कॅन एक्झॉस्टपासून लांब, पण तोंड कार्बोरेटरच्याच उंचीला. खाली जमिनीवर ठेवलात तर सायफनने आकडा फुगतो. आता इंजिन चालू करा. फ्लोट चेंबरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर आयडलला अर्धा मिनिट आरामात चालतं. ३० सेकंदांत किती जमलं ते बघा.

२५० मिलीच्या वर हवं. हिशोब साधा आहे: हे इंजिन साधारण ५० अश्वशक्तीचं, पूर्ण जोरात तासाला १६ लिटरच्या आसपास पितं, म्हणजे मिनिटाला पावणेतीनशे मिली. आयडलला मिनिटाला अर्धा लिटर येत असेल तर घाटातल्या तापलेल्या पेट्रोललाही हात शिल्लक राहतो. मिनिटाला तीनशे मिलीच्या जवळ उतरलात की सपाटीला कळणार नाही, चढाला कळेल. तुमचं लक्षण तेच आहे.

धार कशी येते तेही बघा. ठोक्याठोक्याने भरीव धार आली तर ठीक. फेस किंवा बुडबुडे येत राहिले तर सक्शनच्या बाजूने हवा ओढली जातेय. ही गळती बाहेर थेंब टाकत नाही, त्यामुळे खाली ओल नाही म्हणून जॉइंट चांगला असं धरू नका.

प्रेशरसाठी ० ते १० पीएसआयचाच गेज हवा. टायरचा गेज इतक्या खाली काही वाचत नाही. नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून गेज कार्बोरेटरच्या उंचीला धरा, होजमधली हवा काढून टाका. दीड ते अडीच पीएसआय, म्हणजे ०.१० ते ०.१७ बार, योग्य. तीनच्या वर गेलं तर एसयूची नीडल उचलते आणि ओव्हरफ्लो होतो. बाजारच्या किटमध्ये दुसऱ्याच पंपाची कडक स्प्रिंग असली की असं होतं. ब्रासचा टी बेळगावच्या उद्यमबागेत कुठलाही लेथवाला करून देईल.

इंजिन बंद केल्यावर काटा लगेच शून्यावर आला तर टीच्या पुढची होज चिमटून परत बघा. आता काटा टिकला तर दोष नीडल व्हॉल्व्हचा. तरीही पडला तर पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बसत नाही, किंवा डायफ्रॅम झिरपतोय.

निपाणीकर६५

टर्नर सरांनी सांगितलेलं बरोबर, एकच भर घालतो. हीच चाचणी गार इंजिनवर करून समाधान मानू नका. या गाडीच्या बी-सिरीज इंजिनात पंप मॅनिफोल्डच्याच, म्हणजे तापणाऱ्या एक्झॉस्टच्याच, बाजूला आहे. तवंदी घाट चढून आल्याआल्या, बॉनेटखाली भट्टी असतानाचा आकडा खरा. गरम आणि गार दोन्ही लिहून ठेवा.

पण गरम इंजिनवर उघडं पेट्रोल म्हणजे जिवाशी खेळ. नळी सोडण्याआधी तिच्याभोवती ओलं फडकं गुंडाळा, कॅनच्या तोंडाशी होज कापडाने आवळा, आग विझवायचं ड्राय पावडरचं सिलिंडर हाताशी ठेवा, आणि एक माणूस इग्निशनच्या किल्लीवर बसवा. गाडी उघड्यावर लावा, शेडमध्ये नको. स्टार्टरवर चाचणी घ्यायची असेल तर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणारी बारीक वायर काढा, म्हणजे ठिणगीच पडणार नाही. स्टार्टरवर बॅटरीप्रमाणे वेग बदलतो, म्हणून मी आयडलच्या आकड्यावरच भरवसा ठेवीन.

डिपस्टिकचा वास घ्यायला विसरू नका. ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास, म्हणजे डायफ्रॅम फाटून पेट्रोल संपमध्ये (इंजिनाच्या तळाचा ऑइलचा साठा) उतरतंय. अशी गाडी एक किलोमीटरसुद्धा चालवायची नाही, बेअरिंग जातील.

खानापूर_मार्क२

आभारी आहे. गरम इंजिनवर, आयडलला ३० सेकंदांत १३० मिली, मधूनमधून बुडबुडे. मग पंपाच्या इनलेटला होज लावून ती थेट पेट्रोलच्या वेगळ्या कॅनमध्ये सोडली, तर ३१० मिली, भरीव धार. प्रेशर दोन्ही वेळा २ पीएसआय, बंद केल्यावर काटा टिकतो. ऑइलला वास नाही. म्हणजे पंप बदलायची गरज नाही का?

उद्यमबाग_टर्नर

नाही. पंप निर्दोष आहे, त्याला हात लावू नका. दोष पंपाच्या मागं, इनलेट ते टाकी. आणि घाटातच का पडतं तेही यातून उलगडतं. पंपामागची वाट अरुंद झाली की पंप जास्त ओढतो, नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की गरम पेट्रोल आधी उकळतं. मग पंप पेट्रोलऐवजी वाफ ढकलत बसतो. गाडी थांबली की वाफ निवते आणि परत चालू. त्याला व्हेपर लॉक म्हणून नळीला ओलं फडकं बांधत बसतात, मूळ अडथळा तसाच राहतो.

शोधायचा क्रम असा धरा. पहिलं टाकीचं झाकण. त्याचं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत व्हॅक्यूम धरतो. झाकण ढिलं ठेवून फ्लो घ्या. आकडा उडी मारून वर आला तर तिथंच उत्तर मिळालं. दुसरं, चॅसिसच्या नळीला जोडणारे रबरी तुकडे. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल, त्यात जुनं रबर आतून फुगतं आणि सुटतं. बाहेरून होज नवी दिसते, आत भोक काडीएवढं राहिलेलं असतं. आर-९ छापाची (असं पेट्रोल झेलणारी) होज घ्या, क्लिप नव्या घाला. बुडबुडे बहुतेक याच जोडांतून येतायत. तिसरं, नळी टाकीपासून सोडून पंपाच्या बाजूने हलक्या हवेने फुंका. कॉम्प्रेसर पूर्ण जोरात नको. जॅकने चेपलेली जागा गाडीखाली हाताने चाचपूनही सापडते. चौथी टाकीतली पिकअपची जाळी. गंज आणि डिंकासारखा थर तिथं बसतो, आणि टाकी खाली करून धुतल्याशिवाय जात नाही.

पंपाच्या झाकणाखालची जाळी आणि कॉर्क मात्र काढून बघा. कॉर्क वाळून कडक झालेला असेल तर बदला, तिथूनही हवा शिरते.

सक्शन गेज मिळाला तर पंपाच्या इनलेटला लावून स्टार्टर मारा: किमान ६ इंच पारा. थांबवल्यावर १५ सेकंदांत २ इंचांपेक्षा जास्त उतरू नये.

चिकोडी_गॅरेज

पुढे कधी डायफ्रॅम बदलायचा झाला तर लक्षात ठेवा: उघडण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर कानशीने खूण करा. स्क्रू सैल बसवून लिव्हर पूर्ण दाबा, डायफ्रॅम खाली ओढलेला असतानाच समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने कसा. ताणलेला बसला तर स्ट्रोक कमी पडतो आणि फ्लो निम्म्यावर येतो. ब्लॉक आणि पंपामध्ये दोन-दोन गॅस्केट घालण्याची सवय आहे काही जणांना, तीही वाईट. लिव्हर कॅमपासून लांब जातो, परिणाम तोच. हाताच्या प्रायमिंग लिव्हरला जोर लागत नसेल तर पंप खराब म्हणू नका, कॅम शिखरावर थांबलाय. क्रँकला एक फेरा द्या.

खानापूर_मार्क२

झाकण ढिलं करून काही फरक नाही. टाकीजवळच्या रबरी तुकड्याला नख लावलं तर आतला थर सुटून येतोय. कुणी टाकीपाशी इलेक्ट्रिक पंप लावायला सांगतंय, तो लावू का?

निपाणीकर६५

आत्ता नको. आधी होज बदला, जाळी धुवा, फ्लो परत मोजा. ३० सेकंदांत तीनशे मिलीच्या आसपास आला तर काम संपलं. बाजारातले बरेच इलेक्ट्रिक पंप ४ ते ७ पीएसआय देतात, एसयूला ते झेपत नाही. शिवाय मेकॅनिकल पंप मध्ये ठेवून मागून दाबाने ढकललंत आणि डायफ्रॅम फाटला, तर इंजिन बंद असलं तरी इग्निशन चालू आहे तोवर पेट्रोल संपमध्ये जात राहील. लावायचाच झाला तर रेग्युलेटर आणि ऑइल प्रेशर स्विचवरून कटऑफ, दोन्ही सक्तीचे.