दिवाळी अंकातली कथा न विचारता ऑडिओवर, हक्क कुणाचा?

शाईपेन:
नमस्कार मंडळी. २०१८ साली एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती, मानधन पंधराशे, पावतीवर सही केली तेवढीच. परवा भाचीचा फोन, मावशी तुझी कथा ॲपवर ऐकतेय, म्हणून उघडून बघितलं तर शब्द न् शब्द माझा, नाव मात्र कुठेच नाही. संपादक म्हणतात मानधन दिलं म्हणजे हक्क आमचे. असं असतं का? मी रजिस्ट्रेशन वगैरे कधी केलेलं नाही.

रानवाट:
नसतं हो ताई. लिहिलंत तेव्हाच कॉपीराइट तुमचा झाला, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाहीये. १९५७ च्या कायद्यातलं कलम १९ वाचा, हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी, कुठले, किती काळ, कुठे हे सगळं त्यात यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात. पावतीवर नक्की काय लिहिलंय?

शाईपेन:
आत्ता कपाटातून काढली. ‘कथेचे मानधन रु. १५०० मिळाले’, खाली तारीख आणि सही. बस.

रानवाट:
मग ती पैसे पोचल्याची पावती, हक्क दिल्याचा कागद नव्हे. आणि नाव गाळलं त्यासाठी कलम ५७ आहे, हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव सांगायचा हक्क तुमच्याकडेच राहतो. फोनवर वाद घालू नका, ॲपवाले आणि संपादक दोघांनाही ईमेल टाका, अंकाचं पान, पावती, स्क्रीनशॉट जोडून.

पानगळ:
रानवाट यांना अनुमोदन. पण आपण कायदा होतानाही बोललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या डीपीआयआयटीनं, म्हणजे कॉपीराइटचं काम बघणाऱ्या उद्योग खात्याच्या विभागानं, एआय आणि कॉपीराइटवर वर्किंग पेपर काढला, एआय कंपन्यांनी लेखकाला न विचारता लिखाण एआय शिकवायला वापरावं आणि रॉयल्टी भरावी असा प्रस्ताव, त्यावर लोकांची मतं मागवली होती. मी दोन पानं पाठवली, वकील नाही काही नाही, एवढंच विचारलं की ज्याच्या कथेची नोंद कुठेच नाही त्या दिवाळी अंकातल्या लेखकापर्यंत ती रॉयल्टी पोचणार कशी, आणि नको म्हणायची सोय का नाही? ताई, तुमच्यासारखा पावतीसकट अनुभव तर पुढच्या वेळी गेलाच पाहिजे.

शाईपेन:
नक्की पाठवीन. ईमेल आज रात्रीच लिहिते, आधी माळ्यावरून तो अंक काढायचाय.