डीपीए की पीएचडी? आधी पुढं काय करायचंय ते ठरवा

ताई, तुम्ही जिल्हा परिषदेत नोकरी करत पुढं मोठ्या पदावर जायचं म्हणून डीपीए (डॉक्टर ऑफ पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे लोकप्रशासनातली डॉक्टरेट) करू का पीएचडी असं विचारलंय, आधी उत्तर दिलेल्या दादांनी डीपीएच भारी म्हणून सांगितलं, मला नाही पटलं. डीपीए ही मुख्यतः अमेरिकेतली डिग्री, कामातल्या माणसांसाठी, त्यात नवा सिद्धांत मांडण्यापेक्षा आपल्याच खात्यातला प्रश्न सोडवण्यावर भर असतो. कल्पना झकास आहे, पण इथं साहेबाला ती काय आहे हे समजावण्यातच निम्मा वेळ जाईल.

आणि परदेशी ऑनलाइन पीएचडीच्या जाहिरातींपासून तर लांबच राहा, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीईनं (तंत्रशिक्षण परिषद) २०२२ मध्येच इशारा दिलाय की एडटेक म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या कंपन्यांमार्फत परदेशी विद्यापीठांची असली पीएचडी मान्य नाही.

तुम्हाला पार्टटाइम पीएचडी बरी पडेल. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमात ती चालते, ऑफिसची एनओसी (ना हरकत पत्र) लागते, कमीत कमी ३ वर्षं धराच, कोर्सवर्कही करावं लागतं. पण गाइड बघून घ्या, विद्यापीठाच्या नावापेक्षा तेच महत्त्वाचं. विषय तर सोलापुरात पायलीला पन्नास, उजनी धरण भरलेलं असताना शहरात पाणी रोज का येत नाही, यावर कुणीतरी नीट प्रशासनाच्या अंगानं लिहायलाच पाहिजे की. शिकवायचं नसेल अन् फक्त प्रमोशन हवं असेल तर मात्र आधी तुमच्या पदाचे सेवाप्रवेश नियम काढून वाचा, त्यात डॉक्टरेटचा उल्लेख आहे का बघा.