मदत हवी आहे: सूत्रकृमी कार्बन डायऑक्साइडवर जातात की वासावर, हे प्लेटवर कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिली. एमएस्सी झूऑलॉजीचा प्रोजेक्ट आहे, विषय सूत्रकृमी, पण मुळांना गाठी आणणारे नाही, हे आपल्या बाजूचे, हुमणीला मारणारे. मामाच्या काटोलच्या संत्राबागेतली ओली माती आणली, त्यात मेणकिड्याच्या अळ्या ठेवल्या, काही मेल्या आणि विटकरी लाल पडल्या, म्हणून हेटेरोरॅब्डिटिस (किडे मारणाऱ्या सूत्रकृमींचा एक गट) असावा असं सर म्हणतात (स्टायनरनिमा हा दुसरा गट असता तर अळ्या राखाडी-तपकिरी झाल्या असत्या). व्हाइट ट्रॅप (मेलेल्या अळ्यांभोवती पाणी ठेवायचं, कृमी बाहेर पडून त्यात उतरतात) लावून कृमींची पिल्लं पाण्यात गोळा केली, मायक्रोस्कोपखाली मस्त वळवळून राहिली, इथवर सगळं बेस्ट.

घोळ पुढं आहे. अगार प्लेटच्या (जेलीसारखा थर असलेली झाकणाची बशी) एका टोकाला जिवंत अळी, दुसऱ्या टोकाला काहीच नाही, मधात कृमींचा थेंब. अळीकडं जायला पाहिजे ना? सुरुवातीला थोडे जातात, मग जिकडं तिकडं पांगतात, आणि सकाळी पाहावं तर अर्धे झाकणाच्या कडेला जमलेल्या पाण्यात. लॅबमध्ये एसी नाही, कूलर आहे, मे महिना आहे, बाकी तुम्ही समजून घ्या. अगार वाळून पापडी होते म्हणून पॅराफिल्म (ताणून चिकटवायची मेणासारखी पट्टी) लावून प्लेट गच्च बंद करते.

दुसरं डोक्यात जे फिरून राहिलं ते असं की ह्या अवस्थेतलं पिल्लू काही खात नाही, तोंड बंद, साठवलेल्या चरबीवर जगतं, म्हणजे उगाच भटकणं त्याला परवडत नाही. मग ते कार्बन डायऑक्साइडच्या मागं जातं म्हणतात, पण तो तर मुळं सोडतात, सडकं शेणखत सोडतं, सगळेच सोडतात. मग किडा कुठं आहे हे त्याला कळतं कसं? आणि मी टेस्टमध्ये हे दोन वेगळे कसे करू? कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा, गाइडना विचारलं तर ‘पेपर वाच’ एवढंच मिळतं.

प्रतिसाद, मातीखालचा:
ताई, प्लेट गच्च बंद केली तिथंच गोम आहे. अळी श्वास घेत राहते, काही तासांत आतली हवा सगळीकडं सारखीच होते, मग कृमींना चढती-उतरती दिशाच उरत नाही. वरून खोलीतली उष्णता, प्लेटची एक बाजू जरा गरम असली की तेही त्यांना कळतं. इन्क्युबेटर २५ अंशावर लावा, अंधारात ठेवा, आणि दर वेळी अळीची बाजू बदला. खरं सांगू, अगार सोडाच. कन्हान नदीची वाळू चाळून, धुऊन, ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करून) नुसती ओलसर करा आणि नळीत भरा. वाळूत वास हळू पसरतो, दिशा टिकते, आणि जमिनीत घडतं त्याच्या ते जास्त जवळ आहे.

वासाचं म्हणाल तर मक्याचं उदाहरण बघा. मुळं कुरतडणाऱ्या डायब्रोटिकाच्या अळीनं हल्ला केला की मूळ बीटा-कॅरिओफिलीन सोडतं आणि त्यावर हेटेरोरॅब्डिटिस मेगिडिस ओढला जातो, हे २००५ मध्ये ‘नेचर’ ह्या विज्ञान नियतकालिकात आलं. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक मक्याच्या वाणांनी हा वास गमावलाय, मग २००९ मध्ये ओरेगॅनोचा जीन घालून तो परत आणून दाखवला. म्हणजे कृमीला नुसता किडा शोधायचा नसतो, किड्यानं दुखावलेलं मूळही त्याला पत्ता सांगतं. कार्बन डायऑक्साइड सांगतो ‘इथं काहीतरी जिवंत आहे’, बाकीचं वासावर ठरतं.

प्रतिसाद, वर्धारोडकर:
संत्र्याचा विषय आहे तर हे वाच. फ्लोरिडात लिंबूवर्गीय झाडांची मुळं डायाप्रेपेस भुंग्याच्या अळीनं खाल्ली की प्रेगायजेरीन सोडतात आणि सूत्रकृमी त्याच्याकडं जातात. आपल्याकडं तो भुंगा नाही, पण कल्पना तुझ्या प्रोजेक्टला अगदी फिट आहे. मामांकडून संत्र्याची रोपं आण, काहींच्या मुळाशी हुमणी सोड, काही तशीच ठेव.

आणि इतवारी बाजारातून लवंगतेल आणून ‘कॅरिओफिलीन’ म्हणून टाकू नकोस, लोक हे करतात. त्यात मुख्य युजेनॉल असतं, कृमी पळतील तरी किंवा मरतील तरी. शुद्ध रसायनच मागव, आणि तुझ्या जातीला तोच वास भावेल असं गृहीत धरू नकोस.

धागाकर्ती:
दोघांचेही खूप आभार! वाळूचं उद्याच करते. पण श्वास आणि वास वेगळे करायचं राहिलंच की हो. अळी फ्रीजरमध्ये मारून लावली तर चालेल का?

मातीखालचा:
चालेल, पण ताजीच वापरा, सडायला लागली की बॅक्टेरियाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्याहून बरं म्हणजे छोट्या पंपानं हवा जिवंत अळ्यांवरून न्यायची, मग सोडा लाइमच्या नळीतून, मग कृमींकडं. कार्बन डायऑक्साइड तिथंच अडकतो. तरीही कृमी त्या बाजूला गेले तर वासाचं काम. बिनअळीची हवा तशीच सोडा लाइममधून नेऊन कंट्रोल ठेवा. मोजताना अळीकडचे वजा कंट्रोलकडचे, भागिले दोन्हीकडची बेरीज. मधातच बसून राहिलेल्यांची नोंद वेगळी ठेवा, परीक्षक हमखास विचारतात.

धागाकर्ती:
सोडा लाइम कुठं मिळेल?

वर्धारोडकर:
भूल देण्याच्या मशीनमध्ये वापरतात ना, सर्जिकल दुकानात विचार. ग्लोव्हज घाल, त्याची भुकटी हाताला चावते. त्याचा रंग बदलला की लगेच नवीन भर.